आधी भरा, मग मागा

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सची दुकानं रात्री नऊपर्यंत बंद होत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी गेले होते, तिथंही तेच चित्र होतं. बोर्डावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’, लोकांच्या तोंडी मात्र अजून सेतूच. आत दोन प्रिंटर, एक कुरकुरणारा पंखा आणि बाकावर हातात प्लास्टिकच्या फायली घेतलेली मुलं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता, रेशनकार्ड, आधार. एक मुलगी वडिलांच्या मागं लागली होती, “पप्पा, तलाठी साहेबांना फोन लावा ना. अहवाल नाही आला तर आज सही होत नाही म्हणतात.” पप्पा म्हणाले, “लावला होता. साहेब सज्जावर नाहीत आज.”

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला होता, ‘समान संधी’. कॉलेजच्या फीइतकं या विषयाला जवळचं दुसरं काय असणार, म्हणून निघाले. सवलत कुणाला मिळावी आणि कुणाला मिळू नये, यावरचे वाद आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. प्रत्यक्षात भेटलेली माणसं त्या वादात फारशी नव्हती. पैसे येणार, पण कधी, आणि तोवर कुणी भरायचे, इथंच बहुतेकांचं घोडं अडलं होतं.

दाखल्यातलं उत्पन्न

सेतूचा चालक तिशीतला, बोलका. त्यानं एका वाक्यात जे सांगितलं ते मला अनेक अहवालांपेक्षा उपयोगी वाटलं. “मॅडम, पगारदाराचं उत्पन्न फॉर्म सोळावर असतं, बाकीच्यांचं तोंडावर.”

शिष्यवृत्तीची सगळी इमारत उत्पन्नाच्या दाखल्यावर उभी आहे, आणि तो दाखला तलाठ्याच्या अहवालावर. शेतकरी, मजूर, टपरीवाला यांचं वर्षाचं उत्पन्न मोजायची कुठलीही खात्रीची रीत महसूल खात्याकडं नाही. विचारपूस होते, सातबारा पाहिला जातो, स्वयंघोषणापत्र घेतलं जातं आणि एक गोल आकडा लिहिला जातो. मजुराच्या बाबतीत हा गोलपणा बहुधा खऱ्याच्या जवळ असतो. दोन जेसीबी भाड्यानं देणाऱ्या ठेकेदाराच्या दाखल्यावरही तसाच गोल आणि तसाच लहान आकडा दिसतो, तेव्हा मात्र शेजारच्या प्राथमिक शिक्षकाचा संताप होतो. त्याचा पगार पैशापर्यंत सरकारला माहीत. हा संताप मला रास्त वाटतो. पण तो बरेचदा चुकून मजुराच्या पोरावर निघतो, ठेकेदारावर नाही.

बरं, मर्यादा तरी एक असावी? तीही नाही. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आलं, त्याची उत्पन्नमर्यादा आठ लाख. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला अजून सगळे ईबीसी म्हणतात, तिचीही आठ लाख. अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणारी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र अडीच लाखांवर थांबते. महिना एकवीस हजार पगार असलेल्या माणसाचे वर्षाला दोन लाख बावन्न हजार होतात. त्याचा मुलगा मर्यादेबाहेर. राज्याच्या फ्रीशिपमुळं त्याची शिक्षण आणि परीक्षेची फी सुटते, पण निर्वाह भत्ता जातो. म्हणजे साठ-पासष्ट हजार महिना मिळवणारा एका योजनेत ‘दुर्बल’, आणि एकवीस हजारवाला दुसऱ्या योजनेत सधन. एकाच सरकारच्या एकाच पोर्टलवर.

आणि तो भत्ता तरी केवढा? २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साधं बीए किंवा बीकॉम करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला वर्षाला सहा हजार. घरून ये-जा करणाऱ्याला तीन हजार. सहा हजाराला बारानं भागलं की महिन्याचे पाचशे येतात. परभणीत पाचशे रुपयांत महिन्याचा डबा लावून देणारी खाणावळ मला सापडली नाही.

सेंड बॅक

महाडीबीटी या पोर्टलची स्वतःची एक बोली तयार झाली आहे. मुलं सहज म्हणतात, “माझा अर्ज सेंड बॅक आलाय”, “क्लार्क लॉगिनला पेंडिंग आहे”, “सीडिंग दुसऱ्याच बँकेला झालंय”. हे शेवटचं वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांक पाहून जात नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथं जातात. दहावीत कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं शून्य रकमेचं खातं, आईबरोबरचं पोस्टातलं खातं, मग कॉलेजनं काढायला लावलेलं तिसरं. शेवटचं आधार जिथं जोडलं गेलं, तिथं पैसे जातात. आणि ते खातं वापर नसल्यानं बंद पडलेलं असलं तर परत फिरतात. त्यातून हप्ता मंजूर झाला तरी विद्यार्थ्यानं लॉगिन करून ‘रिडीम’ नावाचं बटण दाबावं लागतं. ते बटण माहीत नसल्यामुळं मंजूर पैसे महिनोन् महिने पडून राहिलेली मुलं मला भेटली. त्यातला एक तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा होता. हसला आणि म्हणाला, “मेसेज आला होता, पण मला वाटलं फ्रॉड आहे.”

पोर्टल आलं ते उगाच नाही, हेही सांगायला हवं. त्याआधी शिष्यवृत्तीची रक्कम संस्थांच्या हातून जायची, आणि कागदावरचे विद्यार्थी दाखवून कोट्यवधी रुपये उचलल्याच्या तक्रारी विदर्भापासून सगळीकडं झाल्या. राज्य सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं. पैसे थेट मुलाच्या खात्यात जावेत, हा त्यावरचा उपाय तर्काला धरूनच होता. चोर संस्थाचालक होते. कुलूप मात्र विद्यार्थ्याच्या दाराला लागलं.

त्यात २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली. पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींची तरतूद, त्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. निधीच्या दृष्टीनं हा चांगला निर्णय. आधीच्या काही वर्षांत केंद्राचा वाटा इतका आटला होता की योजना नावापुरती उरेल अशी भीती होती. पण अंमलबजावणी अशी की राज्यानं आपला ४० टक्के वाटा दिल्याची खात्री झाल्यावर केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यायचे, आणि मग त्यानं सात दिवसांत कॉलेजची फी भरायची. घरात आजीचं ऑपरेशन, बियाण्याची उधारी, बहिणीचं लग्न, आणि मुलाच्या खात्यात एकाएकी चाळीस हजार. ते पैसे फीचेच आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सात दिवस हे गरीब घरात फार लांब असतात.

अकाउंट सेक्शनची खिडकी

नांदेड रस्त्यावरच्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजच्या हिशेब विभागात मी एक सकाळ बसले. आपल्याकडं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. तेव्हापासून या खिडकीशी झालेली भांडणं एकत्र लिहिली तर महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा इतिहास होईल.

आतले वरिष्ठ लिपिक सांगत होते, “सरकार म्हणतं, पात्र विद्यार्थ्याकडून आधी फी घेऊ नका. बरोबर आहे. पण आमचा मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता आलेला नाही. प्राध्यापकांचे तीन पगार थकलेत. मी काय सांगू त्यांना, पोर्टलवर पेंडिंग आहे?” यात बनाव किती आणि खरं किती, ते कॉलेजागणिक बदलतं. शुल्क नियामक प्राधिकरणाकडून फी वाढवून घेताना ज्यांना प्राध्यापकांचा खर्च आठवतो, त्यांना पगाराच्या दिवशी तो आठवतोच असं नाही. पण उशीर खरा आहे. आणि उशिराचं ओझं खाली सरकत जातं, सरकारकडून संस्थेकडं, संस्थेकडून विद्यार्थ्याकडं, विद्यार्थ्याकडून त्याच्या आईच्या गळ्याकडं.

हे मी अलंकारिक अर्थानं लिहीत नाही. कॉलेजनं उघडपणे फी मागितली नाही तरी ‘अनामत’, ‘अंडरटेकिंगसोबत अर्धी रक्कम’, ‘शिष्यवृत्ती आली की परत’ अशा नावांनी पैसे मागितले जातात. नाही दिले तर हॉल तिकीट अडतं, नाही तर शेवटच्या वर्षी टीसी अडते. मूळ कागदपत्रं अडवून धरू नयेत असं यूजीसी आणि एआयसीटीई दोघांनीही बजावलेलं आहे. खिडकीवर ते परिपत्रक वाचून दाखवणारा विद्यार्थी मला दिसला नाही. मग घरातलं सोनं बाहेर निघतं. समजा साठ हजार रुपये सोनं ठेवून उचलले, व्याज महिना एक टक्का, आणि परतफेडीला चौदा महिने लागले. व्याज झालं आठ हजार चारशे. ज्या कुटुंबाला सरकारनं ‘फी माफ’ असं सांगितलं, त्यानं त्या माफीसाठी मोजलेली ही किंमत. सोनं नसलेल्याचं व्याज एक टक्क्यानं भागत नाही. गावातला सावकार तीन टक्के घेतो, कुठं पाच.

शिक्षणकर्जाची आकडेवारी बँका देतात. हे कर्ज तिच्यात कुठंच नाही.

बोर्डिंगाचा हिशेब

मदत कशी द्यावी, हा प्रश्न या मातीत नवा नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. जागा, इमारत, वार्षिक मदत. मुलाला आधी खर्च करून मग दरबारात पावत्या लावायच्या नव्हत्या. तो आला की ताट वाढलेलं असे.

सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. त्या करारात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. आजच्या भाषेत ते अर्धं अनुदान, अर्धं कर्ज. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, पण बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पदवी होती, करार होता, आणि खोली नव्हती. शिष्यवृत्ती देणाऱ्यानं फीच्या पलीकडं पाहिलं पाहिजे, याचा याहून बोचरा दाखला मला ठाऊक नाही. पुढं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद करवून घेतली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मधल्या त्या सुरुवातीची वारस आहे.

आणि साताऱ्याला भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. बोर्डिंगमधल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं, ही हकीकत प्रत्येक मराठी शाळेत भाषणात सांगितली जाते. सांगताना आपण गहिवरतो. शंभर वर्षांनंतर, कल्याणकारी राज्याच्या पोर्टलला उशीर झाला म्हणून दुसऱ्या कुणाची तरी आई तेच करते, तेव्हा गहिवरणं पुरेसं नाही, लाज वाटायला हवी.

बापाचं सिबिल

मग थेट कर्जच का काढू नये? नांदेडच्या एका सरकारी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि मोकळेपणानं बोलले. “चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हे मला पाठ आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी आहे, तीही पंचाहत्तर टक्के, हेही माहीत आहे. पण खातं बुडालं तर मला कुणी हमीचं विचारत नाही. विचारतात, कर्ज दिलंच का?”

शिक्षणकर्जात पालक सहकर्जदार असतो आणि त्याचा पतइतिहास पाहिला जातो. मराठवाड्यात हे वाक्य वाचतानाच घोळ लक्षात यायला हवा. इथं बापाच्या नावावर पीककर्ज असतं. दुष्काळाच्या वर्षी ते थकतं. कधी बँकेशी एकरकमी तडजोड करून मिटवलं जातं. मिटवलं की नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढची बँक तो शेरा थकबाकीइतकाच वाईट धरते. पाऊस पडला नाही म्हणून मुलीला कर्ज नाही, असा हा सरळ हिशेब. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं, सिबिलचा गुणांक कमी आहे एवढ्यावरून शिक्षणकर्ज नाकारता येणार नाही. शाखाधिकाऱ्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “निकाल चांगला आहे मॅडम. आमच्या सिस्टिमला कळवा. स्कोअर कमी असला की फाइल पुढंच सरकत नाही.”

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या, म्हणजे फेड सुरू होण्याआधीच्या, काळात तीन टक्के व्याजसवलत, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. छान आहे. पण ही योजना एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या गुणवत्ताप्राप्त संस्थांपुरती. सुरुवातीची यादी ८६० संस्थांची. वरच्या संस्थांत पोहोचलेल्या गरीब मुलासाठी ती खरोखर दार उघडते. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंग किंवा फार्मसीला गेलेल्या मुलीला मात्र जुनीच योजना आणि जुनाच शाखाधिकारी. बँकेच्या नजरेतून यादी समंजस आहे, कारण चांगल्या कॉलेजातून नोकरी लागते आणि कर्ज फिटतं. न्यायाच्या नजरेतून ती उलटी आहे. ज्याची धडपड मुळात कमी धोक्याची, त्यालाच सगळ्यात स्वस्त पैसा.

इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, तीही चांगल्या हेतूची. तिथंही आधी हप्ता भरायचा, मग व्याज परत मागायचं. आणि आयकराच्या ८०ई कलमाखाली शिक्षणकर्जाचं व्याज वजा करता येतं, तेही जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनाच. ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याला या कलमाचा उपयोग शून्य.

तीन कॉट

पुण्यात नऱ्हे-आंबेगावच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं आणि कॉट बेसिसच्या खोल्या एकमेकींच्या आधारानं वाढल्या आहेत. तिथल्या एका खोलीत तीन मुली भेटल्या. एकाच कॉलेजात, एकाच वर्गात.

पहिली बीड जिल्ह्यातली, ओबीसी. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारनं निर्णय काढला की आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्याआधी पन्नास टक्के होती. हा निर्णय मोठा आहे. त्याला नावं ठेवण्याआधी दहा वेळा विचार करावा. ती म्हणाली, “हे नसतं तर मामांनी स्थळ बघायला घेतलं होतं.” अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. संस्था स्तरावरच्या जागेवर नाही, खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात नाही. पुण्याभोवती खाजगी विद्यापीठं कशी वाढताहेत ते पाहिलं की ही अट दरवर्षी किती मुलींना बाहेर ठेवत जाईल याचा अंदाज येतो.

दुसरी अनुसूचित जातीतली, हिंगोलीची. फी नाही. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधार योजनेत अर्ज केलेला. पुण्यासाठी वर्षाला साठ हजार. खोलीचे साडेतीन हजार आणि मेसचे तीन हजार धरले तर दहा महिन्यांचे पासष्ट हजार होतात, म्हणजे रक्कम वास्तवाच्या बऱ्यापैकी जवळ आहे. प्रश्न पुन्हा तोच. घरमालक एक तारखेला भाडं मागतो आणि स्वाधारची रक्कम कुठल्या तारखेला येईल हे समाजकल्याणच्या कार्यालयातही कुणी सांगू शकत नाही. मधले महिने ती संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेते. “सबमिशनच्या आठवड्यात फार होतं,” एवढंच म्हणाली.

तिसरीचे वडील शिक्षक, उत्पन्न आठ लाखांच्या थोडं वर. सवलत काहीच नाही. धाकटा भाऊ लातूरला नीटच्या क्लासला, घराच्या कर्जाचा हप्ता चालू. तिनं चार लाखांचं कर्ज घेतलंय, वर्षाला एक लाख उचल. व्याज दहा टक्के सरळ धरलं तर चार वर्षांचा कोर्स आणि त्यापुढचं एक वर्ष संपेपर्यंत एक लाख चाळीस हजार व्याज साचतं. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असतं आणि कोर्स पात्र असता तर हे सगळं व्याज केंद्रानं भरलं असतं. तिला पाच लाख चाळीस हजारांपासून सुरुवात करायची आहे. दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता सात हजारांच्या वर जातो. त्यांच्या कॉलेजात कॅम्पसमधून अठरा हजारांच्या नोकऱ्या येतात, हे तिघींनाही माहीत आहे.

तिघींपैकी सर्वांत जास्त अन्याय कुणावर, असं विचारायचा मोह होतो. त्यांनी तो प्रश्न एकमेकींना कधीच विचारला नसावा, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. हप्त्याला उशीर झाला की तिसरी दुसरीचं मेसचं बिल भरते. तिच्याकडं कर्जाचे का होईना, वेळेवर पैसे असतात. रक्कम आली की हिशेब चुकता. सरकारला जे जमत नाही ते ही खोली करते, बिनव्याजी.

करता येण्यासारखं काय आहे, हे हिशेब विभागातले लिपिकही सांगत होते आणि बँकवालेही. प्रवेश निश्चित झाला त्या दिवशीच राज्यानं कॉलेजला निम्मी रक्कम द्यावी, पडताळणी नंतर करावी, अपात्र निघाला त्याच्याकडून वसूल करावी. निर्वाहाची रक्कम महिन्याच्या महिन्याला यावी, वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा नको. सरकारकडून उशीर झाला तर त्या काळाचं व्याज सरकारनं सोसावं. वीजबिल उशिरा भरलं तर आपण सोसतोच की. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लागतो तो तिजोरीतून पैसे आधी सुटण्याचा क्रम, आणि तो क्रम ठरवताना ठेकेदारांची बिलं कायम पुढं असतात.

मी निघाले तेव्हा पहिली लॅपटॉप उघडून बसली होती. पुढच्या वर्षाच्या नूतनीकरणाचा अर्ज सुरू झाला होता आणि मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता अजून यायचा होता. तिनं वडिलांना फोन लावला. “बाबा, उत्पन्नाचा दाखला परत काढावा लागतोय. मार्चला मुदत संपली ना त्याची. उद्या जाताल का तहसीलला?”